भिंतीलगतची तीन आळी: नागपूरच्या परसातल्या टरबुजांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या दक्षिणेला, बेसा-बेलतरोडीच्या बाजूला नवी वस्ती पसरते आहे. तिथल्या एका घराच्या मागच्या आवारातलं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून नावं आणि घराची खूण वगळली आहे. घरात निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहतात. वस्तीत सगळे त्यांना काका-काकूच म्हणतात, इथेही तसंच म्हटलं आहे.

वाफा वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद. माती काळी, भारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. वाफ्याची लांब बाजू कंपाउंडच्या भिंतीला लागून आहे. भिंतीपलीकडे रिकामा प्लॉट असून तिथे गाजर गवत, बांधकामाचा मलबा आणि कडेने सांडपाण्याची नाली आहे. वाफ्याच्या एका टोकाला नळ. जमिनीचा उतार भिंतीकडे, हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

शुगर बेबी जातीचं बी २५ जानेवारीला कागदी कपांत टाकलं आणि १४ फेब्रुवारीला रोपं वाफ्यात लावली. आळी सात, प्रत्येक आळ्यात दोन रोपं, एकूण चौदा वेल. तीन आळी भिंतीपासून दीड-दोन फुटांवर होती आणि चार त्यांच्या अलीकडे. प्रत्येक आळ्यात शेणखत घातलं होतं. ते आठ दिवस आधी ट्रायकोडर्मा ही रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी मिसळून (किलोभर खताला १० ग्रॅम) ओल्या पोत्याखाली सावलीत मुरवलेलं. वर कुटाराचा, म्हणजे मळणीतल्या भुश्याचा, चांगला चार इंच थर. पाणी रोज संध्याकाळी, पाइपने, आळं भरेपर्यंत.

यातली बहुतेक कामं बरोबरच होती. फक्त रोज संध्याकाळचं पाणी आणि जाड कुटार या दोन सवयींनी पुढचा महिना खाल्ला.

अडचण कशी उभी राहिली

२ मार्चला दुपारी भिंतीलगतच्या मधल्या आळ्यातला एक वेल मलूल दिसला. मार्चच्या दुपारी टरबुजाची पानं थोडी लोंबतातच. मोठ्या पानांतून पाणी उडतं आणि मुळांना तेवढ्या वेगाने ते पुरवता येत नाही. ऊन उतरलं की निरोगी वेल संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत पुन्हा ताठ होतो. हा झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही पानं तशीच होती आणि ५ तारखेपर्यंत वेल वाळून गेला.

काकांनी वाळलेला शेंडा कृषी केंद्रात नेऊन दाखवला. दुकानदाराने तो पाहून ‘मर’ (वेल सुकवणारा बुरशीचा रोग) सांगितली आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दिलं, लिटरला एक ग्रॅम, सगळ्या आळ्यांत ओतायला. ते ओतलं. १० मार्चला आणखी दोन वेल गेले, एक त्याच आळ्यातला आणि एक शेजारच्या आळ्यातला. तिन्ही वेल भिंतीच्या रांगेतले. मागच्या चार आळ्यांतल्या एका पानालाही धक्का नव्हता.

हा पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो हुकला. वाळलेल्या शेंड्यावरून मर सांगता येत नाही. मुळापाशी काहीही बिघडलं तरी शेंडा असाच दिसतो. शिवाय कार्बेन्डाझिमने खतातून घातलेला ट्रायकोडर्माही मारला गेला, म्हणजे खऱ्या मर रोगाविरुद्ध जे थोडं संरक्षण होतं तेही गेलं.

निदान

उमरेडकडे शेती असलेला एक शेजारी ११ तारखेला सकाळी आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “काका, झाड उपटून पाह्यलं का? मर असती तं मूळ शाबूत राह्यलं असतं.”

उपटायला जोर लागलाच नाही. दोन बोटांत धरून उचलल्याबरोबर वेल हातात आला. जमिनीखाली तीन इंचांवर सोटमूळ तिरपं कापलेलं होतं, विळ्याने छाटावं तसं. कापावर दोन समांतर बारीक खाचा होत्या, त्या दातांच्या. खालचं मूळ गायब. आळ्याच्या तळाशी हात घातला तर तो कोपरापर्यंत गेला असता इतकी पोकळी होती, पण तिथे हात घालायचा नसतो. बिळात घूस नसेल तर नाग किंवा घोणस असू शकते. काठीनेच पाहावं. कुठे कात दिसली तर काम थांबवून सर्पमित्राला बोलवावं.

खात्रीसाठी त्याच आळ्यात पंधरा लिटरची बादली ओतली. एरवी काळ्या मातीत ते पाणी मुरायला बराच वेळ लागतो, इथे मिनिटाच्या आत नाहीसं झालं. थोड्या वेळाने भिंतीच्या पायथ्याशी, बाजूला सात-आठ फुटांवर ओल फुटली. म्हणजे आळ्यापासून भिंतीखालपर्यंत सलग भुयार होतं.

वेल मलूल पडला की कारण शोधायची पद्धत सोपी आहे आणि पाच मिनिटांत होते. मूळ तिरपं आणि स्वच्छ कापलेलं असेल, माती पोकळ असेल, तर काम उंदराचं किंवा घुशीचं. बारीक मुळ्या कुरतडून संपलेल्या आणि मातीत इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली पांढरी, तपकिरी डोक्याची अळी सापडली तर हुमणी. ती बहुधा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते. मूळ जागेवर आहे पण चिरलं तर आत भोकं आणि सड दिसते, तर लाल भुंगेऱ्याची अळी. मूळ वरून निरोगी, पण बुंधा आडवा कापला की आतल्या वाहिन्यांचं कडं तपकिरी झालेलं, तेव्हा मर. मर लागलेल्या वेलाची बऱ्याचदा आधी एकच फांदी सुकते, हीही खूण लक्षात ठेवण्यासारखी. तरीही शंका राहिली तर मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट वेल पिशवीत घालून महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागाला दाखवावा. नुसता शेंडा नेऊन उपयोग नाही.

इथे भोकांची तोंडं मोजली. नऊ निघाली: पाच वाफ्याच्या बाजूला, तीन भिंतीपलीकडे प्लॉटमध्ये, एक नळाच्या मोरीपाशी. तोंडाची रुंदी चार बोटं, पुढे भुसभुशीत मातीचा ढीग. काही तोंडं आतून मातीने बुजवलेली होती. हे घुशीचं लक्षण आहे, राहत्या बिळाचं तोंड ती अशी आतून बंद करून घेते. संध्याकाळी नऊही तोंडं मातीने बुजवून पायाने दाबली आणि सकाळी पाहिलं. चार पुन्हा उकरलेली. म्हणजे बिळं नऊ असली तरी ये-जा चारांतूनच होती. पिंजरे कुठे लावायचे ते या मोजणीने ठरलं.

घूस टरबूज खायला आली होती का? फळं तर अजून धरलीच नव्हती. मार्चमध्ये या भागातली काळी माती वाळून विटेसारखी होते. आसपासच्या शंभर फुटांत रोज भिजणारी, मऊ जमीन एकच होती, आणि उतारामुळे सगळं पाणी भिंतीलगतच्या तीन आळ्यांकडे जमत होतं. त्यावर कुटाराचं जाड पांघरूण. शिवाय काकू रोज सकाळी भिंतीवर पक्ष्यांसाठी ज्वारी टाकत. उरलेले दाणे रात्री कोण वेचत होतं ते पुढे पिंजऱ्यात दिसलं. मुळं बिळाच्या वाटेत आली म्हणून कापली गेली.

पर्याय

झिंक फॉस्फाइड या उंदीर मारायच्या विषाचं आमिष सगळ्यात आधी सुचवलं गेलं. शेतात ते वापरतात. आधी दोन-तीन दिवस विषाशिवाय दाणे ठेवून उंदरांना सवय लावायची आणि मग ९६ भाग भरडलेलं धान्य, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाइड असं आमिष बिळात टाकायचं. घराच्या परसात मात्र ते नाकारलं, आणि ते योग्यच होतं. या विषावर उतारा नाही. पोटात गेलं की फॉस्फीन वायू तयार होतो. सुट्टीत नातू येणार होता, गल्लीत कुत्री आहेत, मांजरं आहेत. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या उंदीरनाशकाच्या वड्यांवर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण ती खाऊन सुस्त झालेली घूस घुबडाने उचलली तर घुबडही दगावू शकतं. गव्हाणी घुबड आणि धामण हे आपल्याकडचे खरे उंदीर-शिकारी आहेत, त्यांना विष पोचवणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या घुशी आजच पाळणं.

बिळात पाणी सोडून घूस बाहेर काढायची, असंही कुणी सुचवलं. बिळं भिंतीच्या पायाखालून जात होती. काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. पायाखाली ढीगभर पाणी सोडलं तर भिंतीला तडे जायला वेळ लागत नाही. हा पर्याय तिथेच बाद झाला.

डांबराच्या गोळ्या, तिखट, फिनाइल यांचा वास दोन-चार दिवसांत उडतो आणि घूस दुसरं तोंड काढते. डांबरगोळ्या तर खाण्याच्या वाफ्यात घालूच नयेत. मांजर पाळायचीही सूचना आली, पण पूर्ण वाढलेल्या घुशीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही.

राहिलं ते मेहनतीचं: पाण्याची आणि निवाऱ्याची सवय बदलणं, पिंजरे लावणं, जमिनीत जाळी गाडणं.

केलेली कामं आणि क्रम चुकल्याची किंमत

जाळी गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची, वेल्ड केलेली, अर्ध्या इंचाच्या चौकोनी घराची, तीन फूट रुंद, पन्नास फुटांचा रोल. षट्कोनी घरांची कोंबडी-जाळी स्वस्त मिळते, पण तिची घरं मोठी असतात आणि तार पातळ. पिल्लं आरपार जातात, मोठी घूस कुरतडते. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

१५ आणि १६ मार्चला भिंतीला समांतर, भिंतीपासून फूटभर आत वीस फूट लांब चर खणला, दीड फूट खोल. कोरडी काळी माती सब्बलने फोडावी लागते, म्हणून आदल्या दिवशी फक्त चराच्या रेषेवर थोडं पाणी सोडलं. जाळीची विभागणी अशी: दीड फूट उभी जमिनीत, खालचे नऊ इंच भिंतीच्या बाजूला आडवे वळवलेले, वरचे नऊ इंच जमिनीच्या वर. आडवा पाय ज्या बाजूने प्राणी येतो त्या बाजूलाच हवा. घूस उभ्या अडथळ्याला भिडली की तिथेच खाली उकरते आणि पाय त्या उकरण्याच्या खाली येतो. पाय उलट्या बाजूला वळवला तर त्याचा काही उपयोग नाही. चर भरताना माती आणि विटांचे तुकडे असं मिश्रण टाकलं. ते उकरायला जड जातं आणि उन्हाळ्यात भेगाळतही नाही.

काम चांगलं झालं, क्रम मात्र उलटा झाला. १८ तारखेला त्या शेजारच्या आळ्यातला उरलेला वेल गेला, तोही जाळीच्या आतल्या बाजूला. ताज्या मातीचा ढीगही आतच होता.

आता दोन शक्यता होत्या: घूस जाळीच्या टोकाला वळसा घालून आली, किंवा जाळी लावताना ती आतच होती. काकूंनी यावर फार चांगली युक्ती केली. संध्याकाळी जाळीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन फूट रुंदीची रांगोळी चाळणीने पातळ पसरली. सकाळी टोकांची रांगोळी जशीच्या तशी होती. वाफ्यात मात्र नवा ढीग आणि तिथे मुद्दाम टाकलेल्या रांगोळीत पाच बोटांचे, शेपटी फरफटल्याचे ठसे. घूस आत कोंडली गेली होती. आधी पिंजरे लावून बिळं शांत झाल्यावर जाळी पुरली असती तर हा वेल वाचला असता.

पिंजरे १९ तारखेला आले. लोखंडी, स्प्रिंगच्या दाराचे, मोठ्या मापाचे दोन. घूस नव्या वस्तूला बिचकते, म्हणून पहिल्या तीन रात्री दार तारेने उघडं बांधून आत भजी ठेवली. भिंतीला घासून जाणाऱ्या वाटेवर, तोंड वाटेच्या रेषेत, बुडाला फळी, वर थोडं कुटार. तिसऱ्या दिवशी भजी संपलेली दिसली तेव्हा तारा काढल्या. २२ ते ३० मार्च या नऊ रात्रींत तीन घुशी सापडल्या, त्यातली एक जाळीच्या आतल्या पिंजऱ्यात. एका सकाळी मुंगूस अडकलं होतं, ते लगेच सोडलं. पिंजरे रोज पहाटे पाहायचे आणि दिवसा बंद ठेवायचे, नाहीतर खारी अडकतात, आणि नागपूरच्या उन्हात लोखंडी पिंजऱ्यात अडकलेला जीव नऊ-दहापर्यंत तडफडून मरतो. हाताला रबरी मोजे लागतात. घुशीच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून पिंजरा धुतानाही मोजे काढू नयेत. पकडलेल्या घुशी पेस्ट कंट्रोलवाल्याच्या ताब्यात दिल्या. त्या लांब नेऊन सोडल्या असत्या तर दुसऱ्याच्या आवारात हेच सुरू झालं असतं.

२८ तारखेला नळाच्या टोकाकडची रांगोळी विस्कटली. बाहेरून कुणीतरी वळसा घालून यायचा प्रयत्न करत होतं. तेव्हा जाळी दोन्ही टोकांना काटकोनात सहा-सहा फूट वाढवून यू आकार केला आणि मोरीच्या पाइपला लोखंडी जाळीचं झाकण बसवलं. त्यानंतर आत नवा ढीग दिसला नाही.

याच काळात पाण्याची पद्धत बदलली. रोज संध्याकाळऐवजी सकाळी, दोन-तीन दिवसांआड, आळ्याला आठ-दहा लिटर मोजून, तेही बोटभर खाली माती कोरडी लागली तरच. उताराच्या बाजूला छोटा बांध घातला म्हणजे पाणी भिंतीकडे पळणार नाही. कुटार दोन इंचांवर आणलं, खोडापासून अर्धा फूट आणि जाळीपासून दोन फूट मोकळं ठेवलं. ज्वारी भिंतीवरून उचलून पुढच्या अंगणात, ताटलीत, आणि संध्याकाळी ताटली आत. शेजारच्या प्लॉटच्या मालकाला फोन करून भिंतीलगतचं गाजर गवत आणि मलबा पाच फुटांपर्यंत काढून घेतला. यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उशिरा केलेला उपाय हाच.

दुसरी लाट: तीच लक्षणं, वेगळं कारण

२७ मार्चला सहाव्या आळ्यातला वेल मलूल पडला. हे आळं भिंतीपासून सर्वांत लांब. घरात सगळ्यांचं मत एकच, घूस इथवर आली. काका आणखी दोन पिंजरे आणायला निघाले होते. या वेळी मात्र निघण्याआधी वेल उकरला.

माती घट्ट होती, भुयार नव्हतं, बादलीभर पाणी आळ्यात उभं राहिलं. मूळ जागेवर. बुंधा जमिनीपाशी चिरला तेव्हा आत पिवळट पांढऱ्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा लांब, बारीक अळ्या, आणि त्यांनी पोखरलेल्या जागी मऊ सड. लाल भुंगेऱ्याची पिल्लावळ.

भुंगेरे फेब्रुवारीतच आले होते. नारिंगी-लाल, सात-आठ मिलिमीटरचे, कोवळ्या पानांना गोल भोकं पाडणारे. पानं मोठी झाली, भोकं भरून निघाल्यासारखी वाटली आणि कुणी लक्ष दिलं नाही. भुंगेरा अंडी घालतो तो वेलाच्या बुडाशी, ओल्या मातीत. अळ्या आठ-पंधरा दिवसांत निघून मुळात शिरतात. जाड कुटार आणि रोजची ओल तिथेही अंगाशी आली.

त्या आळ्यातल्या दुसऱ्या वेलाच्या बुडाची माती चार इंच उकरून, सापडतील त्या अळ्या वेचून मारल्या, दोन दिवस माती उघडी ठेवून ऊन दिलं आणि ५ टक्के निंबोळी अर्क ओतला. वेल जगला, फळ मात्र धरलं नाही. बाकी आळ्यांवर रोज पहाटे भुंगेरे वेचायचं काम लावलं. सूर्य वर येण्याआधी ते गारठलेले, सुस्त असतात. पानाखाली साबणाच्या पाण्याचा डबा धरून पान झटकलं की पडतात. फवारणी काहीही असो, ती संध्याकाळीच. टरबुजाचं फूल एक दिवस उमलतं, सकाळी मधमाश्या येतात आणि त्या वेळी औषध मारलं तर फळधारणाच जाते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणखी एका वेलाचा शेंडा ताठ उभा राहून करपू लागला, पेरं आखूड झाली. फुलकिड्यांमार्फत पसरणाऱ्या शेंडेमर विषाणूची ही लक्षणं. यावर औषध नाही. वेल त्याच दिवशी उपटून पिशवीत बांधला आणि आवारातून बाहेर नेला. इथे काका-काकूंनी एक दिवसही घालवला नाही.

फळांची राखण

मादी फूल ओळखायला सोपं, देठाशी हरभऱ्याएवढं टरबूज असतं. वस्तीत मधमाश्या कमी, म्हणून सकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान नर फूल तोडून पाकळ्या मागे सारून मादी फुलावर फिरवायचं काम काकूंनी मनावर घेतलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उरलेल्या वेलांवर बरीच फळं धरली. वेलाला दोनच ठेवली, बाकी खुडली.

फळ लिंबाएवढं झाल्यावर त्याखाली जुनं कवेलू (छपराचं कौल) ठेवलं. फळ थेट मातीवर टेकलं की खालून सडतं आणि भुंगेऱ्याची अळी तिथूनच शिरते. कवेलू उन्हात तापतं, म्हणून त्यावर कुटाराची पातळ गादी. फळमाशीसाठी फळ अंड्याएवढं झालं की जुन्या सुती कापडाची सैल पिशवी बांधली आणि क्यू ल्युरचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) एक सापळा वाफ्याच्या कडेला टांगला. एक पिशवी उशिरा बांधली गेली आणि तेच फळ गेलं. सालीवर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, त्यातून डिंकासारखा थेंब. असं फळ कंपोस्टात टाकायचं नसतं, पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायचं, म्हणजे आतल्या अळ्या मरतात.

एप्रिलच्या मध्याला दोन फळं कुरतडलेली सापडली. घरातल्यांना पुन्हा घूस वाटली. घूस रात्री येते, जमिनीलगत गोल भोक पाडून आतला गर कोरते. इथे कुरतड वरच्या बाजूला होती, उथळ, आणि दुपारी चार वाजता फळ ओलं होतं. खार होती. रोलची उरलेली जाळी घुमटासारखी वाकवून, कडा विटेने दाबून, प्रत्येक फळावर ठेवली. या घुमटांवर थोडं तणस टाकलं की फळ उन्हाने करपतही नाही. एप्रिलअखेर पारा ४३-४४ वर जातो तेव्हा उघड्या फळाच्या सालीवर पांढरे चट्टे पडतात.

एक फळ अवकाळी पावसानंतर तडकलं. आधी पाच दिवस पाणी द्यायचं राहून गेलं होतं आणि मग एकदम भरपूर मिळालं.

हाती काय आलं

चौदा वेलांपैकी सहा गेले: चार घुशीमुळे, एक भुंगेऱ्यामुळे, एक विषाणूने. २८ एप्रिल ते ९ मे या काळात अकरा टरबुजं निघाली. सर्वांत मोठं चार किलो तीनशे ग्रॅमचं. पिकलं की नाही हे तीन खुणांवरून ठरवलं: फळाच्या देठाजवळचा ताणा वाळलेला, जमिनीकडचा पांढरा डाग पिवळा झालेला आणि टिचकीचा आवाज टणत्काराऐवजी भरीव, दबका. आवाज एकट्याने फसवतो, तिन्ही खुणा जुळल्या तरच तोडावं. तोडणीआधी पाच-सहा दिवस पाणी कमी केलं होतं, गोडी चांगली उतरली.

गेलेल्या वेलांच्या जागी २० मार्चला तीन रोपं तळाला जाळी घातलेल्या मोठ्या ग्रो-बॅगमध्ये लावली होती. त्यांच्यावर मादी फुलं आली तेव्हा ऊन चाळिशीपार गेलं होतं. परागकण तापले की फळ धरत नाही. तिन्ही मिळून दीड किलोचं एकच फळ आलं. नागपुरात मार्चच्या मध्यानंतर पुनर्लागवड करण्यात अर्थ नाही, हे काम होळीआधी आटोपलं पाहिजे.

पुन्हा करायचं तर

लागवडीआधीच, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी सगळी भोकं बुजवून सकाळी मोजावीत. एकही उकरलं गेलं तर आधी पिंजरे, किमान सलग पाच रात्री शांत गेल्यावर जाळी, आणि जाळी सुरुवातीपासून यू आकाराची. या प्रकरणात पिंजऱ्यांआधी तीन दिवसांची घाई झाली आणि त्यात एक वेल गेला.

पहिला वेल ५ मार्चला वाळला तेव्हाच उपटला असता तर सहा दिवस वाचले असते, कार्बेन्डाझिमही ओतावं लागलं नसतं, आणि बहुधा १० तारखेचे दोन वेलही टिकले असते. भुंगेऱ्यांसाठी रोपावस्थेत बारीक जाळीचं कापड कमानीवर टाकून ठेवावं आणि पहिलं मादी फूल दिसलं की काढावं. खर्च साडीएवढा, आणि अंडी घालायला जागाच मिळत नाही.

एका निर्णयावर घरात अजून एकमत नाही. काकांना पुढच्या वर्षी भिंतीची रांग सोडून चारच आळी करायची आहेत. काकूंचं म्हणणं, जाळी आता पुरलेलीच आहे, जागा कशाला वाया घालवायची? उतार तसाच राहिला तर भिंतीकडे ओल जमणारच, म्हणून त्या रांगेत टरबूज लावायचंच असेल तर आधी माती ओढून उतार उलटा करावा लागेल. गाडलेली जाळी पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत गंजते. दिवाळीनंतर दोन जागी फूटभर उकरून तार नखाने खरवडून पाहावी. तुटली तर तेवढा भाग बदलून मगच बी भिजत घालावं.